सहकाऱ्याचा पीएच.डी. प्रबंध उचललेला आहे, काय करावं? (बडोद्याच्या मंडळींनी जरूर लिहा)

टंकलेखकाची लेक
मंगळवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी बडोद्यातल्या एका खासगी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नोकरी कराराची, दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. कॉलेजचं आणि माणसाचं नाव लिहिणार नाही, कृपया कुणी ओळखायचा प्रयत्नही करू नका.

आधी थोडं मागचं. दांडिया बाजारातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं टायपिंगचं दुकान. रेमिंग्टनचं मशीन, कार्बन लावून पाच प्रती, डावीकडे दीड इंच समास, कारण बाइंडिंगमध्ये तेवढं जातं. विद्यापीठातले कितीतरी प्रबंध बाबांच्या हातून गेले. १९९४ साली एक बाई अर्थशास्त्राचा प्रबंध टाइप करायला घेऊन आल्या. विषय होता सावली तालुक्यातल्या कुटुंबांचा कर्जबाजारीपणा. एस.टी.ने गावोगाव जाऊन, लोकांच्या ओट्यावर बसून त्यांनी फॉर्म भरून घेतले होते. त्या फॉर्मांचे गठ्ठे आमच्या घरी महिनाभर होते, त्यांना चुलीच्या धुराचा वास यायचा.

बाइंडिंग होऊन आल्यावर बाईंना एका तक्त्यात चूक दिसली. भूमिहीन ४१, अल्पभूधारक ३७, मध्यम २२, मोठे ८. बेरीज १०८ हवी. बाबांच्या हातून ११८ पडलं होतं. बाबा म्हणाले, एवढ्याशा आकड्याकडे कोण बघतंय? बाई म्हणाल्या, मला दिसलं ना. मग शुद्धिपत्राची एकेक ओळ वेगळी टाइप झाली, मी कात्रीने पट्ट्या कापल्या आणि बाईंनी पाचही प्रतींत त्या पानावर डिंकाने चिकटवल्या. मी तेव्हा बारावीत होते. एक प्रत त्यांनी बाबांना भेट दिली, ती आजही आमच्या कपाटात आहे.

आता या वर्षीचं. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून सगळ्या प्राध्यापकांची प्रमाणपत्रं आणि प्रबंध स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. एका ज्येष्ठ सरांचा प्रबंध हाती घेतला. २०१३ सालचा, दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचा. विषय डभोई तालुक्यातल्या कुटुंबांचा कर्जबाजारीपणा. पानं उलटताना एक तक्ता आला. ४१, ३७, २२, ८. खाली एकूण ११८.

मी तिथेच खुर्चीत बसले. वीस वर्षांनी, दुसऱ्या तालुक्यात, तेवढीच भूमिहीन कुटुंबं, तेवढेच मोठे शेतकरी आणि माझ्या बाबांची चूक जशीच्या तशी.

तीन रात्री दोन्ही प्रबंध शेजारी ठेवून वाचले. तिसऱ्यापासून सहाव्या प्रकरणापर्यंत सारखे आहेत. 'सावली' काढून 'डभोई' घातलंय, पण पाचव्या प्रकरणात एका ठिकाणी 'सावली' तसंच राहून गेलंय. बाईंचा उल्लेख संदर्भसूचीतसुद्धा नाही.

प्राचार्यांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "बेन, जवा दो ने, नॅक माथे छे." (ताई, जाऊ द्या ना, नॅक डोक्यावर आहे.) तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. सर वाईट नाहीत हो. माझ्या भावाला त्यांनी दोन वर्षं फुकट शिकवलं. गणपतीत मंडळात दरवर्षी भेटतात, बाबांच्या पाया पडतात.

तक्रार करावी का, कुठे करावी, आणि नोकरी जाईल का? बाबा ८४ वर्षांचे आहेत, त्यांना सांगावं का?

---

आकडेमोड
मंगळवार, रात्री १०.४०

ताई, तक्त्यात टक्केवारीचा रकाना आहे का? असेल तर ती १०८ वरून काढली आहे की ११८ वरून, ते दोन्हीकडे बघा. ४१ ला १०८ ने भागलं तर ३७.९६ येतं, ११८ ने भागलं तर ३४.७५.

---

टंकलेखकाची लेक
मंगळवार, रात्री ११.०५

आत्ता बघून आले. दोन्हीकडे ३७.९६, ३४.२६, २०.३७, ७.४१. म्हणजे १०८ वरून. बेरीज बरोबर १०० येते.

---

आकडेमोड
मंगळवार, रात्री ११.१८

मग यापुढे वेगळा पुरावा शोधायची गरज नाही. बाईंनी हिशेब बरोबर केला होता, फक्त टाइप करताना एक आकडा चुकला, म्हणून त्यांच्या तक्त्यात टक्केवारी १०८ ची आणि एकूण ११८ असा विसंवाद तयार झाला. स्वतः डभोईत फिरून आकडे जमवणाऱ्या माणसाच्या हातून हाच विसंवाद होऊच शकत नाही. 'दोघांचे निष्कर्ष योगायोगाने जुळले' असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोर हा एकच तक्ता ठेवा.

---

नियमावली
बुधवार, सकाळी ७.३०

एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी २६ वर्षं काढली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम जुलै २०१८ चे आहेत. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याने सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रबंध देण्याची बंदी, आणि ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. शिकवणाऱ्यांच्या लेखनासाठी शिक्षा वेगळी आहे: लेख मागे घ्यायचा, साम्याच्या वरच्या पातळ्यांवर एक किंवा दोन वेतनवाढी थांबतात, दोन किंवा तीन वर्षं नवीन संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत.

तुमच्या कामाचं कलम पुढचं. पदवी मिळून गेल्यावर चौर्य सिद्ध झालं, तर समिती ठरवेल तेवढ्या काळासाठी पदवी स्थगित ठेवता येते. म्हणजे 'आता पदवी मिळाली, विषय संपला' असं नियम म्हणत नाही. अर्थात प्रबंध २०१३ चा आहे, तेव्हा त्या विद्यापीठाचे त्या वेळचे नियमही काढून बघावे लागतील.

तक्रार दोन ठिकाणी द्या. पहिली, ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याच्या कुलसचिवांकडे, कारण पदवीबद्दल निर्णय तेच घेऊ शकतात. दुसरी तुमच्या प्राचार्यांना, लेखी. विभागाच्या समितीला अहवाल द्यायला ४५ दिवस, त्यावरच्या संस्थेच्या समितीला आणखी ४५ दिवस. या वरच्या समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो.

पत्रात 'चोरी' हा शब्द वापरू नका. 'पुढील पृष्ठे जुळतात' एवढंच लिहा, पृष्ठ क्रमांक समोरासमोर मांडा, दोन्ही तक्त्यांच्या छायाप्रती आणि शुद्धिपत्राची छायाप्रत जोडा. आवक विभागाचा शिक्का तुमच्या प्रतीवर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तक्रारीचं काय झालं ते विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सॉफ्टवेअरच्या अहवालाची वाट बघू नका. १९९४ चा टंकलिखित प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढलेलाच नसेल तर कोणतंही सॉफ्टवेअर तो कुठून पकडणार?

कराराच्या नोकरीबद्दल खोटा धीर देणार नाही. ऑर्डर पुढे न काढणं त्यांच्या हातात आहे, आणि त्याचं कारणही ते देणार नाहीत.

---

मांडवीचा मुलगा
बुधवार, सकाळी ९.१५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. धाग्यात लिहिल्यावरून सर निवृत्तीच्या जवळ असावेत. माणसाने शेकडो मुलं शिकवली, आपल्या समाजातल्या गरजू पोरांना मदत केली. २०१० नंतर बढतीसाठी पीएच.डी.चा केवढा रेटा होता ते आपण पाहिलंय. पंधरा वीस तास शिकवायचं, निवडणुकीची कामं, परीक्षेची कामं, त्यात पन्नाशीच्या माणसाने संशोधन कधी करायचं? चुकलं, मान्य. पण आता उतारवयात त्यांची पेन्शन, अब्रू सगळं मातीत घालून कुणाचं भलं होणार? बडोद्यात आपण मराठी माणसं आधीच किती उरलो आहोत. ताईंनी सरांना घरी जाऊन शांतपणे विचारावं, असं मला वाटतं.

---

वेटिंग लिस्ट
बुधवार, दुपारी १.५०

मांडवीकर, तुमचा प्रतिसाद वाचून हात थरथरत होते, म्हणून चार तासांनी लिहितेय.

'कुणाचं भलं होणार' असं विचारलंत. माझं सांगते. २०१४ साली एका महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या एका जागेसाठी मुलाखत होती. माझी नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेली, पीएच.डी. स्वतः केलेली, साडेपाच वर्षं लागली. मधे मुलगा झाला, त्याला सासूबाईंकडे ठेवून मी छोटा उदेपूरच्या बाजूला क्षेत्रकामाला जात होते. निवड झाली त्यांची पदवी पैसे देऊन घेतलेली होती. हे पुढे त्यांच्याच विद्यार्थ्यांकडून कळलं, कारण सरांना स्वतःच्या प्रबंधातली पद्धत समजावता येत नव्हती. मी निवड झालेल्यांच्या यादीत, म्हणजे पॅनलवर, दुसरी होते. पॅनलची मुदत संपली. नंतर वयाची अट आड आली. आज मी ट्यूशन घेते, वाघोडिया रोडला, दोन खोल्यांत.

खोट्या पदवीवर बसलेला माणूस रिकाम्या खुर्चीवर बसत नाही. त्या खुर्चीवर कुणीतरी बसायचं असतं. त्या माणसाचं नाव कुठे छापून येत नाही, त्याला पेन्शन नसते, आणि गणपतीत त्याला कुणी भाषणाला बोलावत नाही.

आणि त्या १९९४ च्या बाई? त्यांनी बसचे धक्के खाऊन जमवलेलं काम दुसऱ्याच्या नावावर आहे, हे त्यांना ठाऊकसुद्धा नाही. ताई, त्यांना आधी शोधा. तक्रारीवर पहिला हक्क त्यांचा आहे.

---

जुना पोथीवाला
बुधवार, सायंकाळी ६.२०

वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. बाईंना शोधा, हे मलाही पटतं.

मी संस्कृतवाला, आमच्या विषयातलं एक सांगतो. राजशेखराची 'काव्यमीमांसा' दहाव्या शतकाच्या आरंभीची. १९१६ मध्ये गायकवाड प्राच्यविद्यामालेचा पहिला ग्रंथ म्हणून ती याच बडोद्यातून प्रसिद्ध झाली. त्यात दुसऱ्याच्या रचनेतून घेण्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. शब्दहरणाचे तो पाच प्रकार करतो: पदाचं, पादाचं, अर्ध्या श्लोकाचं, वृत्ताचं आणि शेवटचं प्रबंधाचं. एखादा शब्द घेणं आणि अख्खी रचना घेणं यांत अंतर आहे, हे हजार वर्षांपूर्वी नीट मांडलेलं आहे. त्यामुळे 'आपल्याकडे हे पाश्चात्त्य खूळ' असं कुणी म्हणालं की मला फार लागतं.

प्राच्यविद्या मंदिरातलं वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९७५ मध्ये पुरं झालं. त्यातलं कुठलंही पान उघडा. वर दोनचार श्लोक आणि खाली बारीक टाइपात कुठल्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे त्याची जंत्री. 'च' ऐवजी 'तु' असला तरी नोंद. आपल्या आधी कुणी काय लिहून ठेवलं ते त्याच्या नावासकट सांगायचं, हे काम शिकलेली माणसं याच गावात होती. ज्या बाईंनी एका आकड्यासाठी पाच पट्ट्या चिकटवल्या, त्या त्याच वळणाच्या.

---

घासलेला खडू
बुधवार, रात्री ९.००

रेट्याबद्दल मांडवीकर बोलले त्यात तथ्य आहे, आणि ते मी आतून पाहिलंय. २०१० मध्ये बढतीसाठी गुण मोजणारी एपीआय पद्धत आली आणि प्रत्येक शोधनिबंधाला गुण मिळायला लागले. त्यानंतर आमच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवर जाहिराती यायच्या: पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या, प्रमाणपत्र मोफत. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तिच्यातच असली दुकानं शिरली. मे २०१८ मध्ये त्या यादीतून ४,३०५ नावं एका फटक्यात काढावी लागली. मग २०१९ मध्ये नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली, तीही आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता नियतकालिक चांगलं की वाईट ते संस्थेनेच ठरवायचं.

प्रबंध लिहून देणारेही आहेत. मला एकाने सरळ भाव सांगितला होता, प्रकरणागणिक. सर्वेक्षणाचे फॉर्म भरून द्यायचे पैसे वेगळे. मी 'नाही' म्हटल्यावर तो म्हणाला, सर, तुमच्याच कॉलेजचे तिघे माझ्याकडे आहेत. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये कुणाच्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेलं दिसलं की मनात नको ती शंका येते. ज्यांनी खरं काम केलंय त्यांच्यावरही मी मनातल्या मनात अन्याय करतो. हे नुकसान कुठल्या समितीच्या अहवालात येत नाही.

कायदाही किती लटका आहे बघा. ज्याला पदवी द्यायचा अधिकारच नाही त्याने पदव्या वाटल्या, तर १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कायद्याच्या कलम २४ खाली दंड आहे एक हजार रुपयांपर्यंत. १९५६ मध्ये ती रक्कम मोठी असेल.

तरीही मांडवीकर, रेटा सगळ्यांवर होता. माझी बढती नऊ वर्षं अडली. मी उचलून लिहिलं नाही.

---

स्टुटगार्टहून
बुधवार, रात्री ११.४५

मूळची कारेलीबागेतली. 'जुनं कशाला उकरायचं' याबद्दल इथलं एक उदाहरण. अॅनेट शावान या जर्मनीच्या शिक्षणमंत्री होत्या. त्यांचा प्रबंध १९८० चा. फेब्रुवारी २०१३ मध्ये ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने तो तपासून त्यांची डॉक्टरेट काढून घेतली आणि त्यांनी मंत्रिपद सोडलं. मधे ३३ वर्षं गेली होती. त्याआधी २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचंही तेच झालं, आणि तो प्रबंध पानापानाने तपासला होता इंटरनेटवर जमलेल्या सामान्य स्वयंसेवकांनी, ताई करताहेत तसाच, दोन मजकूर शेजारी ठेवून.

---

नियमावली
गुरुवार, सकाळी ७.१०

आपल्याकडेही झालंय. २००२ मध्ये कुमाऊं विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावावरचा भौतिकशास्त्राचा निबंध स्टॅनफर्डच्या एका प्राध्यापिकेच्या निबंधातून उचललेला निघाला. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी थेट राष्ट्रपती कलामांना पत्र लिहिलं. चौकशी झाली आणि २००३ मध्ये कुलगुरूंना जावं लागलं.

एक सूचना करतो, कारण धाग्यात गल्लत व्हायला नको. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या शेजारच्या वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द केली, ती आयोगाच्या नियमांप्रमाणे झाली नव्हती म्हणून. ते प्रकरण निवडीच्या नियमांचं होतं, खोट्या पदवीचं किंवा चौर्याचं नव्हे. लोक सगळं एकाच पोत्यात भरतात आणि निरपराध माणसाचं नाव खराब होतं. ताई, तुमच्याही पत्रात जे दाखवता येतं तेवढंच असू द्या.

---

चौथं वर्ष
गुरुवार, दुपारी ३.३५

मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आहे, गाव सांगत नाही. माझ्या आधीच्या मार्गदर्शकांना मी विचारलं होतं, सर, नमुना २०० घेऊ की ३००, आणि कशाच्या आधारावर ठरवू? ते म्हणाले, आधीच्या कुठल्यातरी प्रबंधात बघ, तेवढाच घे. दोन वर्षं मला वाटायचं की मीच मठ्ठ आहे. मार्गदर्शक बदलल्यावर पहिल्याच भेटीत नव्या मॅडमनी कागद घेऊन अर्ध्या तासात ते समजावलं. मी घरी येऊन रडले.

ताई, त्या सरांकडे आत्ता संशोधक विद्यार्थी आहेत का? असतील तर त्यांच्यासाठी तरी लिहा.

---

मांडवीचा मुलगा
गुरुवार, रात्री ८.५०

वेटिंग लिस्ट ताई, तुमची क्षमा मागतो. दुसऱ्या नंबरवरच्या माणसाचा मी विचारच केला नव्हता. तरी सरांना आधी प्रत्यक्ष सांगावं यावर मी ठाम आहे. अंधारात ठेवून पत्र जाऊ नये.

---

टंकलेखकाची लेक
रविवार, सकाळी ११.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते क्रमाने लिहिते.

मांडवीकरांचं ऐकलं. शुक्रवारी सरांच्या घरी गेले, दोन्ही तक्ते बरोबर घेऊन. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "मला एकाने करून दिला. त्याने कुठून आणला ते मी विचारलं नाही." वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा सरांनी कागद उलटे ठेवले. मी सांगितलं की पत्र जाणार आहे. ते म्हणाले, मला थोडा वेळ दे, मीच कळवतो. मी म्हटलं, सर, सोमवारपर्यंत. बाहेर पडून सूरसागरच्या कठड्यापाशी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. चौथं वर्ष, हो, त्यांच्याकडे तीन विद्यार्थी आहेत.

बाबांना सांगितलं. अजून कुठल्या पानाबद्दल आहे तेही बोलले नव्हते, तर म्हणाले, "एकशे अठरा?" एकतीस वर्षं त्यांच्या डोक्यात होतं ते. मग म्हणाले, शुद्धिपत्र केलं होतं, पत्रात ते आधी लिही.

बाई सापडल्या. निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला असतात. काल फोनवर बोललो. सगळं ऐकून घेतलं, चिडल्या नाहीत. सावलीच्या त्या गावातल्या एका म्हातारीची आठवण सांगत राहिल्या. तिने फॉर्म भरताना सावकाराचं नाव सांगायला नकार दिला होता, आणि बाई निघाल्या तेव्हा मागून पळत येऊन कानात सांगितलं होतं. तोही फॉर्म त्या १०८ मध्ये आहे, आणि आता डभोईच्या नावावर. तक्रारीवर त्या सही करणार आहेत. त्यांची प्रत घर बदलताना हरवली, म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्या प्रतीत ती पट्टी अजून आहे का. मी बघून सांगितलं, आहे, डिंक पिवळा पडलाय.

नियमावलीकाका, पत्राचा मसुदा आज रात्री तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, शब्द तपासून द्या. उद्या सकाळपर्यंत सरांचं स्वतःचं पत्र आलं नाही तर अकरा वाजता आवक विभागात मी जाणार आहे. कराराची ऑर्डर जूनमध्ये संपते. शिक्का मिळाला की इथे कळवते.